फेसाची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या बाल्कनीत फेसाचा पूर आला. मशीनचं लिक्विड संपलं होतं, म्हणून हाताने कपडे धुवायच्या पावडरीची एक वाटी मी फ्रंट लोडमध्ये रिकामी केली. थोड्या वेळाने पावडरीच्या कप्प्यातून फेस गळायला लागला. शेवटी ड्रमने वेग काही घेतला नाही आणि कपडे निघाले ते पाणी निथळतच. मेकॅनिक आला, काचेतून डोकावला आणि म्हणाला, "म्याडम, मशीन बरोबर आहे. तुम्ही तिला फेस पाजला." आईला मात्र तो फेस बघून बरं वाटलं होतं. मी कमी फेसाचं लिक्विड आणते याचीच तिला कायम शंका. "फेस नाही तं मळ कसा निघंल?"

तिचा प्रश्न साबणाच्या काळातला आहे आणि त्या काळात तो अगदी बरोबर होता. शाळेच्या पुस्तकातला 'दुष्फेन पाणी' हा शब्द आठवा. ज्यात फेस मुश्किलीने होतो ते दुष्फेन. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. साबण आधी त्यांच्याशी संयोग पावतो आणि त्याचा पांढरट, चिकट साका होतो. ते सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम संपल्यावर जो साबण उरेल, तोच फेस करणार आणि तोच मळ काढणार. म्हणजे फेस आला की समजायचं, साबण पुरेसा झाला. एकोणिसाव्या शतकात थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने पाण्याचा हा दुष्फेनपणा, म्हणजेच जडपणा, मोजायची पद्धतच यावर बेतली होती. बाटलीत साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून हलवत राहायचं आणि टिकाऊ फेस यायला किती लागलं ते बघायचं.

हा प्रयोग घरी होतो. आमच्याकडे नागपुरात नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात टाकीत बोअरचंही पडतं. एका बाटलीत नळाचं, दुसरीत बोअरचं पाणी अर्ध्यापर्यंत घेतलं, धुण्याच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि हलवलं. नळाच्या पाण्यावर फेसाची टोपी चढली. बोअरचं पाणी ताकासारखं गढूळ झालं, फेस नावालाच. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेकडे बसाल्ट (सीताबर्डीची टेकडी त्याचीच) आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाईस. भेगांमधून मुरताना पाणी खडकातले क्षार घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर कधी पाहिला असेल, तर आकडे लागणार नाहीत.

मग तोच प्रयोग डिटर्जंट पावडरीने केला. दोन्ही बाटल्यांत भरपूर फेस! डिटर्जंटचे रेणू कॅल्शियमला साबणाइतके बळी पडत नाहीत. इथे फेसाची साक्ष खोटी ठरते. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. शर्टावर तर्री सांडली असेल तर तेलाकडची टोकं त्या लाल थेंबात रुततात, थेंब कापडावरून गोळा होऊन सुटतो आणि पाण्यात तरंगत राहतो. हे सगळं कापड आणि पाणी यांच्या सीमेवर घडतं. फेस होतो हवा आणि पाणी यांच्या सीमेवर. कामाची जागाच वेगळी. रिठ्याला फेस काय कमी येतो? पण तर्रीपुढे तो हात टेकतो.

फ्रंट लोडमध्ये तर फेस आडवाच येतो. ही मशीन थोड्या पाण्यात कपडे वर उचलून खाली आपटते, दगडावर आपटावेत तसे. मध्ये फेसाची उशी आली की आपटणं कसलं? खरं नुकसान मात्र खळबळताना होतं. समजा, पिळल्यावर कपड्यांत २ लिटर पाणी उरलं आणि वर १८ लिटर ताजं घेतलं, तर साबण दहापट पातळ झाला. दोन खळबळण्यांत शंभरपट. फेसाने ड्रमला वेगच घेऊ दिला नाही आणि ६ लिटर उरलं, तर तेच १८ लिटर घालून चौपट, दोनदा मिळून फक्त सोळापट. कपड्यांत उरलेल्या पाण्यात पावडर सहापट दाट राहिली. आईच्या मानेला काळ्या ब्लाउजने येणारी खाज बहुतेक तीच.

म्हणून पाकिटावर 'फ्रंट लोड' लिहिलंय का ते आधी बघते. त्यात फेस दाबायला बहुधा सिलिकॉन किंवा चक्क थोडा साबण असतो. साबणाचा तो साकाच बुडबुडे फोडतो, त्यामुळे आपलं जड पाणी इथे उलट मदतीला येतं. एन्झाइम असतील तर उत्तम, पण रेशमी साडी आणि लोकर त्यापासून लांब ठेवा, कारण प्रथिनं तोडणारं एन्झाइम अंड्याचा डाग आणि रेशीम यांत फरक करत नाही. नळाच्या पाण्याला मी लिक्विड वापरते, थंडीतही विरघळतं. टाकीत बोअरचं पाणी असेल तेव्हा मशीनची पावडर. तिच्यात सोडा किंवा झिओलाइट असतं, ते कॅल्शियमला आवरतं. काळ्या कपड्यांवर मात्र झिओलाइटची पांढरी भुकटी कधीकधी दिसते, तेव्हा एक खळबळणं वाढवायचं. हळदीचा डाग पावडर लागताच लाल झाला तर घाबरू नका, अल्कली लागली की हळद रंग बदलते. उरलेला पिवळेपणा नागपूरचं ऊन काढतं.

त्या पुरानंतर मी घरातले सगळे टॉवेल मशीनमध्ये टाकले, ४० अंशांवर, नुसत्या पाण्यात. दहा मिनिटांत काच अर्धी पांढरी झाली. आई स्टूल ओढून समोर बसली होती.

"यात तं काहीच टाकलं नाही ना?"

"काहीच नाही."

"मग हा कुठला फेस, बापा?"

तिसऱ्या धुण्याला काच स्वच्छ झाली.