विश्वासखेळ

अनोळखी माणसावर पैशांचा भरवसा किती टाकला जातो आणि समोरचा त्याची परतफेड किती करतो, हे मोजण्याची प्रायोगिक अर्थशास्त्रातील पद्धत. तिच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. कर्जदार-सावकार स्वरूपाचा प्रयोग कॅमरर व वायगेल्ट यांनी १९८८ मध्ये केला. क्रेप्स यांनी १९९० मध्ये विश्वास ठेवावा की न ठेवावा एवढाच पर्याय असलेला खेळ सैद्धांतिक अंगाने मांडला. रूढ मांडणी बर्ग, डिकहाउट व मॅकेब यांची (१९९५). त्यांनी तिला ‘गुंतवणूक खेळ’ म्हटले. तीत रक्कम कमीजास्त पाठवता येत असल्याने विश्वासाचे माप मिळते, म्हणून आरंभ तिथूनच धरणे सयुक्तिक.

दोन खोल्यांतील सहभागींना प्रत्येकी १० डॉलर मिळतात. पहिला हवे तेवढे पाकिटातून पाठवतो, वाटेत रक्कम तिप्पट होते, दुसरा वाटेल तेवढे परत करतो. निव्वळ स्वार्थाच्या हिशेबाने काहीच पाठवले जाऊ नये. प्रत्यक्षात सरासरी ५.१६ डॉलर गेले, ४.६६ परत आले.

पण पाठवलेला सगळा पैसा विश्वासाचा नसतो, काही निव्वळ औदार्याचा असतो. कॉक्स यांनी (२००४) परतीची वाटच बंद करून पाहिली, तेव्हा सरासरी ५.९७ वरून ३.६३ वर आली. विश्वासाचा वाटा या फरकापुरताच मानावा.

कोल्हापूर भागात शेतकामाचा पैरा (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे) आणि भिशी यांतही हाच प्रश्न असतो. दहा जणांच्या, दरमहा १,००० रुपयांच्या भिशीत पहिली उचल घेणाऱ्याकडे इतरांचे ९,००० अडकतात. तिथे मात्र माणसे ओळखीची आणि फेरे अनेक, त्यामुळे नाव जाण्याची भीतीच अर्धा जामीन असते. म्हणून एकाच तालमीतील किंवा भिशीतील माणसे घेऊन केलेला प्रयोग विश्वास नव्हे, पत मोजतो. सहभागी वेगवेगळ्या गावांतून घ्यावेत. पाठवलेल्या नोटा कमी पडतील तिथे त्याच मापाचे कोरे कागद भरावेत, नाहीतर पाकिटाच्या जाडीवरूनच रक्कम कळते. सूचनांत ‘विश्वास’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘४० रुपये पाठवले तर समोरच्यापर्यंत किती पोहोचतील?’ असे आधी विचारावे. १२० हे उत्तर न देणाऱ्याला तिप्पट समजलेली नसते, आणि त्याच्या कमी रकमेला अविश्वास म्हणणे चुकीचे ठरते.