अठरा-झिरोझिरोचे पैलवान

१९७५ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, काल्पनिक वीर बनून टेबलाभोवती खेळायच्या खेळाच्या 'ग्रेहॉक' या पहिल्या पुरवणीत एक बारकासा नियम आला. लढवय्याची ताकद तीन फासे टाकून ठरायची. तिन्हींवर सहा पडून ती पूर्ण १८ आली, तर टक्केवारीचं आणखी एक दान टाकायचं. त्यात शंभर पडले तर कागदावर लिहायचं १८/००. माणसाच्या ताकदीची ही हद्द. हिशोब केला तर तीन सहा पडण्याची शक्यता २१६मध्ये एक, त्यातही पुढे शंभरात एक. म्हणजे २१,६०० लढवय्यांमागे असा एक पैलवान निघायला हवा. पण जुन्या खेळाडूंच्या गप्पा ऐकल्या तर जवळपास प्रत्येक टेबलावर एखादा होताच. "घरी टाकले होते फासे. धाकट्या भावासमोर."

आपल्याकडे रडीचा डाव म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी हरवण्यासाठी लबाडी करत असतो. शकुनीच्या फाशांसमोर धर्मराज बसलेला होता. इथे समोर कुणी नाहीच. चार-पाच खेळाडू, सगळे एकाच बाजूचे भिडू. आणि एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम, जो राक्षसही खेळवतो आणि न्यायही करतो. मग लबाडी केली तर फसलं कोण? या प्रश्नाने छंदाची पन्नास वर्षं खाल्ली आहेत. त्याचं मूळ मात्र आणखी दीडशे वर्षं मागे, प्रशियाच्या सैन्यात आहे.

तिथे १८२४ साली राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावरचा युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांपुढे मांडला. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे द्यायच्या. पंच कोष्टकं बघून, फासे टाकून कोणाची तुकडी किती कापली गेली ते सांगायचा. पुढे कोष्टकांचा इतका बोजा झाला की १८७६मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवायला सांगितली: लढाई पाहिलेला पंच आहे ना, त्याच्या शब्दावर खेळा. न्याय पुस्तकात असावा की माणसात, हे भांडण तेव्हापासूनचं.

अमेरिकेत टॉटनने १८८०मध्ये लिहिलेलं 'स्ट्रॅटेगोस' हे असंच युद्धखेळाचं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती पडलं. खेळाडू काहीही करू पाहू शकतो, त्याचा निकाल पंचाने लावायचा, ही कल्पना त्याने तिथून उचलली. १९६९मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ लावला आणि सैन्याच्या तुकड्यांऐवजी खेळाडूंना गावातली माणसं वाटून दिली. लढाई सुरू होण्याआधीच लोक एकमेकांशी खलबतं करत सुटले, दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवलं. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळाडूंना वाटलं, पुन्हा कधी? त्या टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने त्यातून 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग उभं केलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सने त्याच्याबरोबर नियम लिहून काढले आणि १९७४मध्ये तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली. पहिली छपाई, हजार पेट्या.

या पेटीत अनुभवाचे गुण मिळायचे ते राक्षस मारण्याचे थोडे आणि लुटीचे भरपूर. एक सोन्याचं नाणं, एक गुण. गुण वाढले की लेव्हल वाढणार, लेव्हल वाढली की आणखी खोल तळघरात उतरता येणार, तिथे आणखी सोनं. पॉवरगेमर, म्हणजे आपल्या वीराची ताकद फुगवण्यातच रमलेला खेळाडू, हा नंतर शिरलेला उपद्रव आहे असं जे सांगितलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. खेळानेच त्याला पहिल्या दिवशी पाटावर बसवलं होतं.

दोनच वर्षांत प्रकाशकांना घाम फुटला. काही डीएम बक्षिसांची खैरात करायचे. टीव्हीवरच्या बक्षिसांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार माँटी हॉल याच्या नावावरून त्यांना 'माँटी हॉल' डीएम म्हणू लागले. १९७६च्या देवदेवतांच्या पुरवणीत संपादक टिम कास्कने प्रस्तावनेतच लिहून टाकलं की या मंडळींना समजावण्याचा हा आमचा शेवटचा प्रयत्न आहे. युक्तिवाद असा, की खुद्द ओडिनला, नॉर्स देवांच्या राजाला, आम्ही ३०० हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, दिलेत, तेव्हा तुमच्या ४४व्या लेव्हलच्या सरदाराचं कौतुक कोण करणार? त्या पुस्तकात भारतीय देवही होते, त्यांनाही असेच आकडे चिकटवलेले. औषध उलटलं, हे सांगायला नकोच. ज्याला आकडा आहे त्याला मारता येतं, एवढाच बोध बऱ्याच जणांनी घेतला.

गायगॅक्सची स्वतःची तऱ्हा वेगळी होती. 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं त्याने १९७५च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेत लावलं. पण रॉब कुंट्झचा रोबिलार आणि मुलगा अर्नीचा टेन्सर या आपल्याच टेबलावरच्या अजिंक्य वीरांना चाप लावायला ते रचलं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. थडग्यात एका भिंतीवर सैतानाचं हिरवं तोंड आहे, आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. वाकून आत शिरलात की संपलात. फासा नाही, बचाव नाही, १८/०० असली काय नि नसली काय. रोबिलारने काय केलं? पदरी बाळगलेले ऑर्क, म्हणजे राक्षसी शिपाई, पुढे घातले. ते मेले, मालक पोचला. कुंट्झने एकही नियम मोडला नव्हता. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात पॉवरगेमर आणि उत्तम खेळाडू यांच्यातली रेघ कुठे ओढायची तेच कळत नाही.

१९७९च्या डीएमसाठीच्या जाडजूड पुस्तकात त्रासदायक खेळाडूंसाठी उपाय दिले होते. समज द्या, नाही ऐकलं तर अचानक एखादी अदृश्य ममी अंगावर सोडा, नाहीतर आकाशातून निळ्या विजा त्याच्या कॅरेक्टरच्या डोक्यात घाला. वर्गात चुळबुळ करणाऱ्याला छडी, तसंच. गुन्हा माणसाचा आणि मार खाणार कागदावरचा बिचारा योद्धा! पंचाच्या हाती सगळा न्याय दिला की असंही होतं.

याच सुमाराला लहान मुलं या छंदात लोटली. युद्धखेळात मुरलेल्या मोठ्यांना ही लिंबूटिंबू मंडळी नकोशी वाटे. 'ओझ'च्या गोष्टीतल्या बुटक्या माणसांवरून त्यांना 'मंचकिन' म्हटलं जाई. हळूहळू वय गळून पडलं आणि तो शब्द हावरटपणाला चिकटला. ग्लेन ब्लॅकोने १९८०मध्ये 'डिफरंट वर्ल्ड्स' मासिकात खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या, त्यात पॉवरगेमिंग ही इतर तिघींच्या शेजारी बसलेली एक तऱ्हा होती. पण नुसत्या वर्गवारीला शिवीची चव कुठून येणार! 'मंचकिन'च टिकला, आणि २००१मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने त्याच नावाचा पत्त्यांचा खेळ काढला, ज्यात भिडूच्या पाठीत सुरा खुपसणं हाच खेळ.

दानावर भरवसा नाही आणि पंचावरही नाही, तर तिसरा मार्ग गणिताचा. १९८१चा 'चँपियन्स' आणि १९८६चा 'गर्प्स' या खेळांत प्रत्येकाला सारखे पॉइंट मिळत. त्यातून आपला माणूस विकत घ्यायचा. वर एखादा दोष पत्करला तर जादा पॉइंट. झालं! वाळवंटातल्या मोहिमेसाठी पाण्याला घाबरणारे वीर जन्माला येऊ लागले. बजेट समान, पण खरेदीची अक्कल समान नाही. मिनमॅक्सिंग, म्हणजे नको ते कापून हवं ते फुगवणं, याला इतकी सुपीक जमीन आधी कधी मिळाली नव्हती.

नव्वदीत 'व्हँपायर'सारख्या खेळांनी गोष्टीला वर काढलं आणि आकडे मोजणाऱ्यांकडे नाक मुरडलं. मग २०००मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. तिच्या तीन रचनाकारांपैकी एक, माँटी कुक, याने पुढे उघडच लिहिलं की नियमांवर हुकमत मिळवणाऱ्याला फळ मिळावं असा विचार त्यात होता. उदाहरणही दिलं: वीरासाठी निवडता येणारा 'टफनेस' नावाचा गुण. तीन हिट पॉइंट देतो, बहुतेकांनी घेऊ नये असा.

फसलं कोण, याचं उत्तर मला याच आवृत्तीने दिलं. समजा, एका टेबलावर एकाने हौसेने तलवारबाज केला, 'टफनेस' घेतला. शेजारच्याने चार पुस्तकं चाळून ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, केला, ज्याचं पाळीव अस्वल त्या तलवारबाजाच्या तोडीचं लढतं आणि वर तो स्वतःही अस्वल होतो. राक्षस मरतो, सगळे जिंकतात. पण तलवारबाजाची पाळी येते तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तीन तास तो चिप्स खात बसतो. डीएमने राक्षस मोठा केला तर पहिला मरतो तोच. इथे कोणी फासा लपवलेला नाही. गेलाय तो भिडूचा वाटा.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना काटेकोर तोलून मापलं. तेव्हा सगळे एकसारखेच वाटतात अशी बोंब झाली. २०१४च्या पाचवीत ताकद, बुद्धी अशा सहा क्षमतांसाठी ठरलेले आकडे आले, १५, १४, १३, १२, १०, ८, किंवा मग २७ पॉइंटांची खरेदी. प्रकाशकांच्याच ॲडव्हेंचरर्स लीगच्या सार्वजनिक टेबलांवर घरी टाकलेल्या फाशांना मुळी जागाच ठेवली नाही. धाकट्या भावाची साक्ष संपली. पॉवरगेमर संपला नाही. तो पुस्तकांच्या फटीत शिरला.

तिथली सगळ्यात गाजलेली फट अशी. नियमानुसार एक फेरी सहा सेकंदांची, आणि तयारीत उभा असलेला माणूस हातातली वस्तू शेजाऱ्याला देऊ शकतो. तर २,२८० शेतकरी भाड्याने आणा, रांगेत उभे करा आणि एक दांडका या टोकाकडून त्या टोकाला द्या. सहा सेकंदांत दोन मैल! या वेगाने सुटलेला दांडका ड्रॅगनच्या आरपार जाईल, असा दावा. वर्षानुवर्षं टेबलांवर यावरून वाद झाले. शेवटी २०२४च्या डीएमच्या पुस्तकाने त्याची दखल घेतली: नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे, ते सद्भावनेने वाचायचे असतात, आणि उदाहरण म्हणून हीच माणसांची रांग, दांडक्याऐवजी भाला. दोनशे वर्षांनी चेंडू पुन्हा पंचाकडे.

खरं तर नियमावर बोट ठेवूनही याचा निकाल लागतो. भाला पळवताना हा भिडू नियमांचं पुस्तक उघडतो आणि भाला लागताना न्यूटनचं. पुस्तक एकच धरलं तर भाल्याचा मार ठरलेला आहे, वेगाचा त्यात उल्लेखच नाही. शेतकरी उभे राहू देत, भाला दोन मैल जाऊ दे. शेवटच्या शेतकऱ्याने तो फेकला, आणि लागलाच, की सहा बाजूंचा एक फासा टाकायचा. सगळ्यांसमोर.