ओरेक्सिन की हायपोक्रेटिन? एका रिसेप्टरमागचा नावांचा गुंता

नार्कोलेप्सीच्या (दिवसा अनावर झोप आणणाऱ्या आजाराच्या) रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याच्या (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाच्या) अहवालात ‘हायपोक्रेटिन-१’ लिहिलेले असते आणि झोपेच्या नव्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ‘ओरेक्सिन’. पदार्थ एकच आहे: मेंदूत बनणारे एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी.

जानेवारी १९९८ मध्ये हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातली जनुके चाळणाऱ्या एका गटाला हे पेप्टाइड सापडले. आतड्यातल्या सिक्रेटिन या संप्रेरकाशी साम्य दिसल्याने त्यांनी ‘हायपोक्रेटिन’ म्हटले. महिनाभरात दुसरा गट उलट्या वाटेने तिथेच पोहोचला. त्यांच्या हाती रिसेप्टर (पेशीवरचे संदेश पकडणारे प्रथिन) होता, त्यात बसणारा रेणू ठाऊक नव्हता. तो मेंदूच्या अर्कातून मिळाला, उंदरांच्या मेंदूत टोचल्यावर त्यांचे खाणे वाढले, म्हणून भुकेच्या ग्रीक शब्दावरून ‘ओरेक्सिन’. दोन्ही नावे फसवीच. सिक्रेटिनशी साम्य तोकडे निघाले. आणि हे पेप्टाइड ज्यांच्यात उरलेले नाही ते रुग्ण वाळत नाहीत, उलट त्यांचे वजन बरेचदा वाढते. पेप्टाइडचे मुख्य काम जागे ठेवण्याचे. पुढे जनुकाला हायपोक्रेटिन आणि पेप्टाइड-रिसेप्टरला ओरेक्सिन अशी वाटणी झाली. या वाटणीने गोंधळ मिटला नाही, कायमचा झाला.

एकाच पूर्वप्रथिनातून ‘ए’ (३३ अमिनो आम्ले) आणि ‘बी’ (२८) सुटतात. त्यांचे रिसेप्टर दोन: पहिल्याला ‘ए’ जास्त मानवते, दुसऱ्याला दोन्ही सारखीच. पेप्टाइड बसले की जी-क्यू या पेशीतल्या निरोप्या प्रथिनामार्फत पेशीत कॅल्शियम वाढते आणि पेशी उत्तेजित होते. जागे ठेवणाऱ्या हिस्टामिनच्या मेंदूपेशींवर दुसरा रिसेप्टर दाट असतो. जागेपणाचा मोठा भार त्याच्यावर.

१९९९ मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन आणि लॅब्राडॉर कुत्र्यांत हाच दुसरा रिसेप्टर बिघडलेला आढळला. माणसाची गोष्ट वेगळी, हे २००० मध्ये कळले: रिसेप्टर शाबूत, पण पेप्टाइड बनवणाऱ्या ८५ ते ९५ टक्के पेशी नाहीशा. म्हणूनच पाठीतल्या पाण्यात ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी पातळी निदानाला धरतात. आणि म्हणूनच रिसेप्टर बाहेरून चालू करण्याची आशा माणसात आहे, त्या कुत्र्यांत नव्हती.

रिसेप्टर बंद करणे सोपे गेले: निद्रानाशावरची पहिली अशी गोळी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. चालू करणे अवघड, कारण पेप्टाइड पोटात पचून जाते. तोंडावाटे घ्यायच्या एका रेणूची चाचणी २०२१ मध्ये यकृताला इजा झाल्याने थांबली. त्याचा डोस दिवसातून दोनदा ३० ते १८० मिलिग्रॅम होता. पुढच्या रेणूला दोनेक मिलिग्रॅम पुरले, यकृताचा तसा त्रास दिसला नाही. त्याचे नेहमीचे दुष्परिणाम निद्रानाश आणि लघवीची घाई.