कर्नलचे शेवटचे शब्द डीबगरपर्यंत कसे पोचले

यंत्र सुरळीत चालू असताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, काय म्हणतोय, हे कुणी फारसं बघत नाही. तो कोसळतो तेव्हा मात्र त्याने शेवटी सांगितलेल्या चार ओळींवर सगळा तपास अवलंबून असतो. पंचाईत अशी की नेमक्या त्याच घटकेला डिस्क, नेटवर्क, स्क्रीन यांतल्या कशावरच भरवसा ठेवता येत नाही. कर्नलचं कन्सोल, म्हणजे त्याचे संदेश जिथे उमटतात ती जागा, दुसऱ्या यंत्रावर पाठवायची खटपट या अडचणीतून सुरू झाली.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकाराला आली, तेव्हा कन्सोल म्हणजे टेलिटाइप, कागदावर छापणारं टंकयंत्र. त्या काळातलं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. वेग कूर्मगतीचा, पण मशीन बंद पडलं तरी छापलेला कागद हातात राहायचा. व्हिडिओ टर्मिनल आली आणि ही सोय गेली. पीसीच्या पडद्यावर तर ८० अक्षरांच्या २५च ओळी. लिनक्सचा ‘ऊप्स’, म्हणजे कर्नलमध्ये चूक झाल्यावर उमटणारा अहवाल, त्याहून लांबला की सुरुवातीचा भाग, म्हणजे बहुतेकदा खरा कामाचा भाग, वर सरकून दिसेनासा व्हायचा. उरलेले हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे लोक कागदावर उतरवून घेत. ग्राफिकल डेस्कटॉप चालू असला तर तेही नशिबात नसे.

या सगळ्यात टिकली ती सीरियल तार, एकेक बिट ओळीने नेणारी. मुंबईत ती काही फक्त प्रयोगशाळांपुरती नव्हती. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांमध्ये संगणक येऊ लागले, आणि पुढे कित्येक शाखांत मागच्या खोलीत एक युनिक्स मशीन आणि काउंटरवर सीरियल तारांनी जोडलेली साधी टर्मिनल अशीच मांडणी असे. ती सांभाळणाऱ्यांना नऊ पिनांचा आणि पंचवीस पिनांचा कनेक्टर, बॉड रेट (तारेवरचा वेग), एकीकडची पाठवायची पिन दुसरीकडच्या घ्यायच्या पिनेला जोडणारी उलटसुलट तार हे सगळं तोंडपाठ असायचं.

सीरियलचं बळ तिच्या साधेपणात आहे. पीसीच्या पहिल्या सीरियल पोर्टवर अक्षर पाठवायचं तर चिपच्या स्टेटस रजिस्टरमधला एक बिट बघायचा, जागा मोकळी दिसली की एक बाइट टाकायचा आणि पुन्हा तोच बिट बघायचा. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मध्येच दिलेली हाक) लागत नाही, मेमरी मागावी लागत नाही. अर्धमेल्या कर्नललाही एवढं जमतं. १९९९ साली आलेल्या लिनक्स २.२ मध्ये सीरियल कन्सोलची सोय अधिकृतपणे मिळाली, ती याच जोरावर.

पुढचा पेच जास्त नाजूक होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन, लिहिला. त्याच्या दूरस्थ प्रोटोकॉलमुळे एका यंत्रावर बसून तारेपलीकडच्या यंत्राचा कर्नल थांबवता येतो, त्याची मेमरी वाचता येते. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, हॅशने संपतो आणि त्यापुढे दोन हेक्स अंकांची चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते तपासणारी बेरीज, येते. निरोप नीट पोचला तर पलीकडून अधिकचं चिन्ह येतं, बिघडला तर वजाचं. आता तार एकच असेल आणि तिच्यावर डीबगरचे निरोप चालू असतील, तर कर्नलने कन्सोलची ओळ टाकायची कुठे? तशीच मध्ये घुसवली तर दोन्हींचा काला होणार.

यावर तोड प्रोटोकॉलमध्येच निघाली. तिचं नाव ‘ओ’ पॅकेट. कर्नल चालू असताना आणि जीडीबी तो पुन्हा थांबायची वाट बघत असताना हे पॅकेट कधीही पाठवता येतं. मजकुराचं प्रत्येक अक्षर दोन हेक्स अंकांत लिहायचं. समजा ‘अप’ हा इंग्रजी शब्द पाठवायचा आहे. त्यातल्या छोट्या ‘यू’चा कोड ७५ आणि ‘पी’चा ७०. तारेवरून जातं ते असं: $ओ७५७०#२२. दोन अक्षरांसाठी नऊ, वर पोच येईपर्यंत थांबणं. १,१५,२०० बॉडवर सेकंदाला साधारण ११,५२० बाइट जातात, त्यातली निम्म्याहून जास्त जागा ही वेष्टनं खातात. प्रोसेसरच्या दोन कोअरमधल्या वेळेच्या शर्यतीतून उद्भवणारा बग अशा संथ छपाईत गायब होऊ शकतो, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवलेलं बरं. तरीही मला हा उपाय मनापासून आवडतो. नवी तार नाही, नवं हार्डवेअर नाही, आणि जीडीबीच्याच खिडकीत कर्नलचं बोलणं दिसतं.

लिनक्समध्ये हे रुळायला वेळ लागला. कर्नलमध्ये डीबगर असावा, हे लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांना मान्य नव्हतं, आणि २००० साली त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. त्यामुळे केजीडीबी, म्हणजे लिनक्स कर्नलला जीडीबीशी बोलता करणारा भाग, वर्षानुवर्षं मुख्य कर्नलबाहेरचा पॅच (वरून जोडायचा कोड) म्हणूनच राहिला. त्या काळात तो सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे हे प्रमुख नाव. कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बाहेरचा पॅच जुळवत राहणं म्हणजे किती चिकाटी लागते, ते केलेल्यालाच कळतं. आपल्याकडे या कामाची आठवण फार कमी काढली जाते. शेवटी जेसन वेसल यांच्या प्रयत्नांनी केजीडीबी २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत दाखल झाला. कर्नल सुरू करताना केजीडीबीकॉन हा पर्याय दिला की प्रिंटकेचा (कर्नलचे संदेश छापणाऱ्या फंक्शनचा) मजकूर ‘ओ’ पॅकेटांतून जीडीबीकडे जातो. अट एवढीच की तोच पोर्ट साधं कन्सोल म्हणून आधीच वापरात नसावा. तसं केलेलं असेल तर एजंट-प्रॉक्सी हा छोटा प्रोग्राम जीडीबीच्या बाजूला बसवून एकाच तारेवरचे दोन प्रवाह वेगळे करता येतात.

नेटवर्कचा रस्ताही निघाला. इंगो मोलनार यांनी २००१ मध्ये सुरू केलेला नेटकन्सोल कर्नलचे संदेश यूडीपी या पोच न मागणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलवरून पाठवतो. मॅट मॅकॉल यांनी तो २.६ साठी नव्याने बसवला. वेग भरपूर, पण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच कोसळला असेल तर उपयोग शून्य. सर्व्हर दुरून सांभाळण्याच्या आयपीएमआय या मानकाच्या २.० आवृत्तीने २००४ मध्ये सीरियल पोर्ट नेटवर्कवरून दाखवण्याची प्रमाणित सोय दिली. तिथे काम वेगळी चिप करते, म्हणून ती मला जास्त भरवशाची वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशा दिवशी ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरपर्यंत माणूस पोचणं कठीण, तेव्हा रॅकसमोर न जाता कन्सोल वाचता येणं किती गरजेचं आहे, हे मुंबईकराला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

शिकणाऱ्यांसाठी आता क्यूईएमयू हा आभासी यंत्र चालवणारा प्रोग्राम आहे. त्याचा जीडीबी-दुवा कर्नलच्या बाहेर असतो आणि आभासी सीरियल पोर्ट वेगळा मिळतो, त्यामुळे दोन प्रवाहांचं भांडणच उरत नाही. खऱ्या बोर्डावर मात्र अजून तीन पिनाच असतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-सीरियल अडॅप्टर घेताना तो ३.३ व्होल्टचा आहे ना, हे आधी बघावं. ५ व्होल्टचा सिग्नल बोर्डाची पिन जाळू शकतो.

आणि काम अजून चालूच आहे. संथ कन्सोलपायी सगळा कर्नल अडकून पडू नये म्हणून प्रिंटकेची अंतर्गत रचना गेली काही वर्षं बदलत आली. रिअल-टाइम लिनक्सचं (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या लिनक्सचं) मुख्य कर्नलमध्ये येणं शेवटी याच कामापाशी अडून बसलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ ही आवृत्ती आली, तेव्हा ते एकदाचं आत आलं.