बाळंतपणानंतरची पाळी आणि दुसऱ्या बाळाचा हिशेब

दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला की बऱ्याच जणी पाळी परत येण्याची वाट पाहतात. पाळी आली म्हणजे शरीर तयार, नाही आली म्हणजे अजून वेळ आहे. हा हिशेब दोन्हीकडून फसतो. स्त्रीबीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. त्यामुळे एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. उलट, सुरुवातीच्या एखाद्या पाळीआधी बीज सुटलेलंच नसतं.

बाळ अंगावर पीत असताना प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं संप्रेरक चढलेलं असतं आणि मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे इशारे मंदावतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, निव्वळ आईच्या दुधावर आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर गर्भ राहण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते. यातली एक जरी सुटली तरी तो भरवसा उरत नाही. अंगावर न पाजणाऱ्या आईचं बीज तर कधीकधी चौथ्या आठवड्यातच सुटतं.

पाळी सुरू झाल्यावर नुसत्या तारखा लिहून फारसं कळत नाही. समजा, पहिलं चक्र ३८ दिवसांचं झालं आणि बीज ३१व्या दिवशी सुटलं. मग पुढच्या पाळीपर्यंत जेमतेम ७ दिवस उरले. एवढ्या वेळात गर्भ रुजणं अवघड. पुढचं चक्र ३४ दिवसांचं, बीज २४व्या दिवशी. पाळीपर्यंत १० दिवस. त्यापुढचं ३१ दिवसांचं, बीज १८व्या दिवशी. आता १३ दिवस. चक्र थोडंसंच आखडलं, पण खरी सुधारणा बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतच्या टप्प्यात झाली. नोंद ठेवायची ती याची.

बीज सुटल्याचं ओळखायचं कसं? सकाळी उठण्याआधी घेतलेलं तापमान बीज सुटल्यावर थोडं वाढतं आणि वाढलेलंच राहतं. पण त्यासाठी सलग काही तास झोप हवी, आणि तान्ह्या बाळाच्या आईला ती कुठून मिळणार! त्यापेक्षा योनीतल्या स्रावाकडे लक्ष देणं सोपं. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा झाला, की बीज सुटण्याचे दिवस जवळ आले. लघवीवरच्या ओव्हुलेशन किटची (बीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या चाचणीची) रेघ साधारण दीड दिवस आधी सूचना देते. शुक्राणू पाच दिवस तग धरतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून ही आगाऊ सूचना मोलाची. मोबाइल अ‍ॅप गर्भ राहण्याचे म्हणून गुलाबी रंगात दाखवतं ते दिवस मागच्या चक्रांच्या सरासरीवर ठरतात. इथे सरासरीच बसलेली नसते, तेव्हा निदान काही महिने त्यांच्या भविष्यवाणीकडे काणाडोळा करावा.

दूध तोडून तीन महिने झाले तरी पाळी नसेल, तर आधी गर्भचाचणी आणि मग डॉक्टर. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं तसं नवलाचं नाही, आणि त्याचा थकवा जागरणाच्या खाती सहज जमा होतो. दोन गर्भारपणांतल्या अंतराबाबत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, प्रसूतीनंतर किमान २४ महिने थांबण्याची. सिझेरियन झालं असेल तर हा विषय डॉक्टरांशी आधीच बोलावा. फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच लागते.