१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेण्याआधी आणि घरी नेल्यावर

गेमिंगसाठी नवा मॉनिटर बघणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात मॉनिटर बघायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, १४४ घेऊ, १८० घेऊ की २४०? आमच्या मते हा प्रश्न तिसरा. तुमचं ग्राफिक्स कार्ड तुमच्या आवडत्या गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतं, हा पहिला. मॉनिटरचं अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे फ्रेम तयार होईल तसा पडदा बदलण्याची सोय, किती रेंजमध्ये चालतं, हा दुसरा. या दोघांची उत्तरं मिळाली की हर्ट्झचा आकडा आपोआप ठरतो, आणि पुष्कळदा खर्चही कमी होतो.

पडद्यावर नेमकं काय होतं

साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. म्हणजे तो सेकंदाला ६० वेळा, दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. १४४ हर्ट्झवर हे अंतर ६.९ मिलिसेकंदांवर येतं आणि २४० वर ४.२ वर. ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर जाताना पुरते तीनही वाचत नाहीत. पहिली उडी म्हणूनच घरातल्या कुणालाही कळते, नुसता माउस फिरवला तरी कळते. दुसरी कळायला व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक रोज मनापासून खेळणारा हात लागतो.

अडचण अशी, की ग्राफिक्स कार्ड एका ठेक्यात काम करत नाही. मोकळ्या रस्त्यावर ते १०० फ्रेम काढतं आणि चार गाड्या एकमेकींवर आदळून धूर झाला की ५५ वर येतं. मॉनिटर मात्र आपल्या ठरलेल्या वेळीच चित्र बदलत राहतो. तो चित्र वरून खाली रंगवत असताना मध्येच नवी फ्रेम आली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. जीटीए फाइव्हमध्ये गाडी जोरात वळवा आणि रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर नजर ठेवा. खांब मध्येच कापल्यासारखा दिसेल, खालचा तुकडा बोटभर बाजूला सरकलेला. याला टेअरिंग म्हणतात.

त्यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. तो चालू केला की फ्रेम मॉनिटरच्या पाळीची वाट बघते. खांब कापला जात नाही, पण फ्रेम जराशी उशिरा तयार झाली की पुढच्या पाळीपर्यंत अडकून पडते आणि तोवर जुनंच चित्र पुन्हा दिसतं. गेम अडखळतो, माउस जड लागतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये थांबण्याचं काम मॉनिटरकडे जातं. राजवाड्यावरून सिटी बस तिच्या वेळेला सुटते, रिक्षा सवारी बसली की निघते. हा दुसरा प्रकार. फ्रेम तयार झाली की त्याच क्षणी पडदा बदलतो. कार्डाने ७१ फ्रेम काढल्या तर मॉनिटर ७१ हर्ट्झवर, ९८ काढल्या तर ९८ वर. साध्या कार्डवाल्याला याचा फायदा महागड्या कार्डवाल्यापेक्षा जास्त होतो, कारण फ्रेमचा चढउतार त्याच्याकडेच जास्त असतो.

नावांचा गोंधळ

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१३ मध्ये हेच तंत्र जी-सिंक नावाने आणलं. त्यासाठी मॉनिटरच्या आत एनव्हिडियाचं वेगळं मॉड्युल बसवावं लागे, म्हणून ते मॉनिटर महाग पडत. २०१४ मध्ये मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट या केबल-जोडणीच्या मानकात घेतलं आणि दुसऱ्या कार्ड कंपनीचं, एएमडीचं, फ्रीसिंक त्याच पायावर बाजारात आलं. मग जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरवर चालतील अशी सोय ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) दिली.

त्यामुळे ‘माझं कार्ड एनव्हिडियाचं आहे, फ्रीसिंकचा मॉनिटर चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हो असं आहे. अट एवढीच, की कार्ड जीटीएक्स १०५०, १०६० या पिढीचं किंवा त्यानंतरचं हवं आणि जोडणी डिस्प्लेपोर्टने हवी. जीटीएक्स ७५० टीआय किंवा ९६० अजून वापरत असाल तर सिंक चालणार नाही. आधी कार्डाचा विचार करा. एएमडीची आरएक्स ४७०, ५७० पासूनची कार्डं आणि इंटेलची आर्क कार्डं चालतात.

खोक्यावर नसलेला, पण विचारायचाच आकडा

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक एका रेंजमध्येच काम करतं. पुष्कळ मॉनिटरची रेंज ४८ ते १४४ हर्ट्झ अशी असते. फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर काय? इथे चांगला आणि कामचलाऊ मॉनिटर वेगळे पडतात. चांगल्या मॉनिटरवर कार्ड तीच फ्रेम दोनदा दाखवतं. गेम ४० वर चालत असेल तर पडदा ८० हर्ट्झवर चालतो आणि सिंक सुटत नाही. पण असं दुप्पट करायला वरचा आकडा खालच्याच्या दुपटीपेक्षा पुरेसा मोठा लागतो. ४८ ते ७५ अशा रेंजमध्ये ते जमत नाही. फ्रेम ४८ च्या खाली उतरल्या की टेअरिंग परत येतं, आणि जड गेममध्ये फ्रेम उतरतात त्या नेमक्या मारामारीच्या वेळीच.

म्हणून ७५ हर्ट्झचे ‘फ्रीसिंक’ लिहिलेले स्वस्त मॉनिटर आम्ही गेमिंगसाठी सुचवत नाही. फ्रीसिंक प्रीमियम असा शिक्का असेल तर ही दुप्पट करण्याची सोय त्यात असतेच. शिक्का नसेल तर कंपनीच्या साइटवर रेंज बघा, किंवा मॉडेल नंबर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा, मॉनिटर आमच्याकडून घ्यायचा नसला तरी आम्ही बघून सांगतो.

साइझ, रेझोल्यूशन आणि कार्ड

२४ इंची १०८० पी (१९२० × १०८० पिक्सेल) मॉनिटरवर अक्षरं नीट दिसतात. तेच रेझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की जवळ बसणाऱ्याला कडा खडबडीत वाटतात. २७ इंचाला १४४० पी (२५६० × १४४०) शोभतं, पण त्यात पिक्सेल १०८० पीच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त, म्हणजे कार्डावर बोजाही तितका वाढतो. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डावर १४४० पी घेऊ नका. त्याच कार्डावर २४ इंची १०८० पी, १४४ किंवा १६५ हर्ट्झ घेतलात तर व्हॅलोरंट छान धावेल आणि जड गेममध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक सांभाळून घेईल. प्रोसेसर जुना असेल तर तेही सांगा; काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये पुष्कळदा कार्ड रिकामं बसतं आणि प्रोसेसर दमतो.

पॅनेल म्हणजे पडद्याचा प्रकार; त्यात आमची पसंती आयपीएसला. व्हीए पॅनेलवर काळा रंग सुरेख, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट डाग ओढल्यासारखा दिसतो, आणि फ्रेम वरखाली झाल्या की पडदा किंचित लुकलुकू शकतो. ओएलईडी या सगळ्यात वेगवान. मात्र दिवसभर त्यावर टॅली किंवा एक्सेल उघडं राहणार असेल तर एकाच जागचं चित्र ठसण्याचा धोका असतो, आणि अंधाऱ्या दृश्यातली लुकलुक तिथेही कधी कधी दिसते.

चित्र बदलायला ‘१ मिलिसेकंद’ लागतो या जाहिरातीवर भाळू नका. त्यापुढे एमपीआरटी लिहिलं असेल तर तो आकडा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, भराभर चालू-बंद करून मिळवलेला असतो, आणि बहुतेक मॉनिटरवर तो मोड अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकबरोबर चालत नाही.

केबल

जुन्या मॉनिटरची केबल नव्याला लावू नका. खोक्यात डिस्प्लेपोर्ट केबल असेल तर तीच वापरा. मॉनिटरला एचडीएमआय १.४ पोर्ट असेल तर १०८० पीवर बहुतेकदा १२० हर्ट्झपर्यंतच मजल जाते. व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा अडॅप्टर तर गेमिंगसाठी विसराच. वेगळी केबल घ्यावी लागली तर व्हेसा प्रमाणित घ्या. काही हलक्या डिस्प्लेपोर्ट केबलींमध्ये विसाव्या पिनमधून वीज जाते, जी जायला नको, आणि मग मशिन नीट सुरू न होण्यासारख्या विचित्र तक्रारी येतात.

प्लेस्टेशन ५ जोडणाऱ्यांनी वेगळं लक्षात ठेवावं. त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकची सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून आहे आणि ती एचडीएमआय २.१ च्या व्हीआरआरवर, म्हणजे बदलत्या रिफ्रेश रेटच्या सोयीवर, चालते. नुसतं फ्रीसिंक लिहिलेला मॉनिटर तिथे पुरत नाही. पोर्टवर ‘२.१’ लिहिलंय म्हणून फोर-के १२० मिळेलच असंही नाही. स्पेसिफिकेशनमध्ये व्हीआरआर आणि १२० हर्ट्झ हे दोन शब्द स्पष्ट दिसले पाहिजेत.

घरी नेल्यावर

हा भाग कृपया मॉनिटर लावताना समोर ठेवा. नवा मॉनिटर घेऊन गेलेल्या घरांतून आम्हाला फोन येतो तो बहुतेक याच कारणाने. सुदामानगरच्या एका काकांनी दिवाळीनंतर विचारलं, ‘अहो, एवढे पैसे घातले आणि पोरगा म्हणतो काही फरक नाही.’ आमचा माणूस गेला. केबल कार्डाऐवजी वर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये होती आणि विंडोज ६० हर्ट्झवर. मॉनिटर उत्तम होता, त्याला काम दिलेलं नव्हतं.

कॅबिनेटच्या मागे बघा. उभ्या ओळीतले यूएसबी पोर्ट असतात तिथला एचडीएमआय मदरबोर्डचा. त्याखाली आडव्या पट्टीवर तीन-चार पोर्ट असतात, ते ग्राफिक्स कार्डाचे. केबल तिथे लावायची.

मग मॉनिटरच्या मागचं किंवा खालचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक चालू करा. कंपनीतून येताना ते बंद असू शकतं. त्यानंतर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट १४४ किंवा जो सर्वांत मोठा असेल तो निवडा. विंडोज पुष्कळदा ६० च धरून बसतं. शेवटी एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सेट अप जी-सिंक’वर टिक करा, किंवा एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिनमध्ये फ्रीसिंक चालू करा.

एक सेटिंग फार कमी लोक करतात, पण आम्ही आग्रहाने सांगतो. फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या आकड्यापेक्षा तीन-चारने कमी ठेवा, १४४ च्या मॉनिटरवर १४० किंवा १४१. फ्रेम मर्यादेवर आपटल्या की सिंक रेंजबाहेर जातं आणि हलक्या गेममध्ये टेअरिंग किंवा जडपणा परत येतो. ही मर्यादा दोन्ही कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये लावता येते.

मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सेटिंग, मधल्या पायरीवर असू द्या. अगदी वरच्या पायरीवर हलणाऱ्या वस्तूमागे पांढुरकी सावली दिसू लागते. शंका आली तर टेस्टयूएफओ हे पान ब्राउझरमध्ये उघडा. तिथे वेगवेगळ्या फ्रेमवर उडणारी तबकडी शेजारी शेजारी दिसते, आणि तुमचा पडदा किती हर्ट्झवर चालतोय तेही कळतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच: काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. लॅपटॉपच दुकानात घेऊन या, इथेच लावून बघू.

कुणी घेऊ नये

घरात गेम क्वचित, आणि काम मुख्यतः फोटोशॉप, अकाउंट्स किंवा सिनेमे असेल, तर तेवढ्याच पैशात चांगला ६० हर्ट्झचा फोर-के आयपीएस घ्या, तुम्ही जास्त खूश राहाल. ग्राफिक्स कार्डच नसेल आणि मुलगा बारावीनंतर नवं मशिन घेणार असेल, तर तोवर थांबा. हे आम्ही काउंटरवरही सांगतो.

दुकानात येताना

कार्ड आणि प्रोसेसरचं नाव लिहून आणा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानाचा फोटो पुरतो. टेबलाची खोली मोजून आणा. २७ इंची मॉनिटरसमोर डोळ्यांपासून दोन-अडीच फूट अंतर लागतं, आणि काही स्टँडचे पाय बरीच जागा खातात. शक्य असेल तर कॅबिनेटच आणा. तुमच्याच मशिनवर, तुमच्याच गेममध्ये, सिंक बंद आणि चालू असं दोन्ही दाखवू. मॉनिटर ठरल्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा पडदा लावून पिक्सेल इथेच तपासून देतो, कारण मेलेला पिक्सेल किती असला की बदलून मिळेल याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत.

पावसाळ्यात लाइट येते-जाते, तेव्हा मॉनिटरलाही यूपीएसवर घ्या. कॅबिनेटच्या मानाने तो फार कमी वीज घेतो. बिलावर सिरीयल नंबर लिहिलाय ना ते आमच्यासमोरच बघून घ्या. आणि खोका, त्यातला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा, वॉरंटीत मॉनिटर सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर त्यातच सुरक्षित जातो.