पाळतीला मदत करणाऱ्या फोन कंपन्या आणि २००८ चे संरक्षण : पार्श्वभूमी

बड्या तार कंपन्या दुसऱ्या महायुद्धानंतर तीसेक वर्षे परदेशी तारांच्या प्रती वॉरंटशिवाय गुप्तचर यंत्रणेच्या हवाली करत होत्या, हे अमेरिकेत १९७५ मध्ये सिनेटच्या चौकशीत उघड झाले. त्या धक्क्यातून अशा पाळतीवर बंधने घालणारा १९७८ चा कायदा आला. कंपन्यांपुरता त्याचा हिशेब सोपा होता. कोर्टाचा आदेश दाखवा, नाहीतर वॉरंटची गरज नसल्याचे अॅटर्नी जनरलचे, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याचे, लेखी प्रमाणपत्र दाखवा. दोन्ही नसेल, तर ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला भरपाई द्या.

डिसेंबर २००५ मध्ये बातमी फुटली की २००१ च्या हल्ल्यांनंतर वॉरंटविना पाळत सुरू आहे. दीडेक महिन्यात एका बड्या फोन कंपनीवर तिच्याच ग्राहकांनी दावा ठोकला. कंपनीच्या एका माजी तंत्रज्ञाने कागदपत्रे पुढे केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत ६४१ए क्रमांकाची कुलूपबंद खोली होती. फायबरमधून जाणारा प्रकाश स्प्लिटरने दुभागला जाई. एक भाग नेहमीच्या वाटेने पुढे, दुसरा या खोलीकडे. नेहमीच्या तंत्रज्ञांना आत प्रवेश नव्हता आणि ग्राहकाला कळायला काही मार्गच नव्हता. सरकारी गुपिताचे कारण देऊन दावा फेटाळावा, ही मागणी न्यायाधीशांनी जुलै २००६ मध्ये अमान्य केली. देशभरातले असे चाळीसेक दावे मग त्याच कोर्टात एकत्र आले.

खरी मेख कागदात आहे. कंपन्यांना ठरावीक काळाने पत्रे जात होती, असे सिनेट समितीच्या २००७ च्या अहवालात नमूद आहे. हे काम राष्ट्राध्यक्षांनी मंजूर केले असून अॅटर्नी जनरलनी ते कायदेशीर ठरवले आहे, असा त्यांचा मजकूर. एक पत्र मात्र वेगळे होते. साठ दिवसांहून कमी काळासाठीच्या त्या पत्रात कायदेशीरपणाची ग्वाही अॅटर्नी जनरलची नव्हती, राष्ट्राध्यक्षांच्या कायदेशीर सल्लागाराची होती. १९७८ च्या मोजपट्टीने ते पत्र प्रमाणपत्र म्हणून टिकणे कठीण होते, आणि कंपन्यांकडे तर कायदा रोज वाचणारे वकील होते.

१९७८ च्या कायद्यातल्या जुलै २००८ च्या दुरुस्तीने मोजपट्टीच बदलली. सिनेटमध्ये ती ६९ विरुद्ध २८ मतांनी संमत झाली. ११ सप्टेंबर २००१ ते १७ जानेवारी २००७ या काळातल्या मदतीसाठी, ती राष्ट्राध्यक्षांनी मंजूर केली असून 'कायदेशीर ठरवण्यात आली' असल्याचे सांगणारे लेखी पत्र दावा फेटाळायला पुरेसे झाले. कोणी ठरवली? कलमात कर्ताच नाही. ते एकटे पत्र नेमके या फटीतून आत येते. या संरक्षणाला 'पूर्वलक्षी', म्हणजे मागच्या काळालाही लागू होणारे, म्हणतात; त्या शब्दाने इथे गैरसमज होतो. जुनी मदत या दुरुस्तीने कायदेशीर झाली नाही, फक्त दाव्याचा दरवाजा बंद झाला. कोर्टाने काय पाहायचे? सरकारने सांगितलेल्या बाबीला पुरेसा पुरावा आहे का, एवढेच. पाळत कायद्यात बसत होती का, हा प्रश्न कोर्टापुढे उरलाच नाही.

जून २००९ मध्ये कंपन्यांवरचे दावे फेटाळले गेले. अपील न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये संरक्षण घटनात्मक ठरवले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. थेट सरकारविरुद्धचा ग्राहकांचा दावा २००८ पासून वेगळा चालू होता. गुपिते फोडल्याशिवाय तो पुढे नेता येणार नाही, असे म्हणत २०१९ मध्ये खालच्या कोर्टाने तो संपवला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही ऐकायला घेतला नाही.